एमसीबी चालूच होता, तरी मोगऱ्याच्या कमानीला करंट

बडोद्यात आमच्या घरापुढे चार हात बाग आहे, मोगरा, जास्वंद, एक आंबा, आणि दिवाळीत लावलेली लाईटची माळ जी नंतर कोणी काढलीच नाही. जूनमध्ये पहिला पाऊस पडला आणि आई मोगऱ्याच्या लोखंडी कमानीला हात लावून ओरडली, अरे करंट येतोय! मी धावत बोर्डाशी गेलो तर एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) चालूच, ढिम्म. कमानीवरच्या त्या माळेच्या जॉइंटवरची काळी टेप उन्हाने सुटून आत पाणी शिरलं होतं.

मग एमसीबी पडला का नाही? कारण ते त्याचं कामच नाही, तो वायर जळू नये म्हणून असतो, माणूस वाचावा म्हणून नाही. घरात येतात २३० व्होल्ट, ओल्या अंगाचा रेझिस्टन्स साधारण १००० ओहम धरा, भागाकार केला की २३० मिलीअँपियर. माणसाचा जीव जायला एवढा करंट पुरे, पण १६ अँपियरच्या एमसीबीला हे म्हणजे कुठेतरी ५० वॅटचा एक बल्ब लागला, बस.

माणसासाठी असतो आरसीसीबी, आमचा वायरमन अजून त्याला ईएलसीबीच म्हणतो. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का एवढंच तो बघत बसतो, कमी आला म्हणजे मधे कुठेतरी जमिनीत (किंवा आईतून!) जातोय, लगेच बंद. घ्यायचा तो ३० मिलीअँपियरचाच, म्हणजे एवढा फरक पडला की बंद होणारा. १०० किंवा ३०० वाले आगीपासून बचावासाठी असतात, स्वस्त मिळाला म्हणून तो लावू नका.

दुसरा उपाय मला जास्त आवडला, बागेत २३० न्यायचेच नाहीत, ड्रायव्हर (२३० चे १२ व्होल्ट करणारा डबा) लावून १२ व्होल्ट न्यायचे. तोच हिशोब केला तर १२ मिलीअँपियर, म्हणजे फार तर झिणझिण्या. ड्रायव्हर मात्र आयसोलेटेड हवा, म्हणजे आत २३० ची बाजू १२ च्या बाजूला थेट जोडलेली नसावी, आणि तो उंचावर लावा, ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते बडोदेकरांना सांगायला नको, तेव्हा तर मगरीही रस्त्यावर होत्या.

पण १२ व्होल्टमध्ये एक गोची आहे जी दुकानदार सांगत नाही. ६० वॅटच्या दिव्यांना २३० वर पाव अँपियर लागतो, १२ वर तब्बल ५. बागेच्या टोकापर्यंत २० मीटर वायर, जाऊन-येऊन ४०, दीड स्क्वेअर एमएमची असेल तर तिचा रेझिस्टन्स साधारण अर्धा ओहम, म्हणजे अडीच व्होल्ट वायरमध्येच गायब आणि टोकाचे दिवे मिणमिणते, आणि मग आपण दिव्यालाच शिव्या देतो. अडीच किंवा चारची वायर घ्या, नाहीतर दोन बाजूंना दोन लाईन काढा.

दिव्यावर आयपी ६५ लिहिलंय ना ते बघा, पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा, ६५ म्हणजे पाइपने फवारा मारला तरी चालेल, पण जिथे पाणी साचतं तिथे ६७च. रंग वॉर्म व्हाइट घ्या, पांढऱ्याशुभ्र लाईटमध्ये निळा भाग जास्त असतो आणि किडे त्यावर जास्त येतात.

आता दर महिन्याला मी आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबतो, खट्कन सगळं बंद होतं, आणि आतून आईचा आवाज येतो, अरे माझी सिरीयल!