संदर्भ : आपले पत्र जा. क्र. २४७

सरकारी कचेरीतून आलेलं कुठलंही पत्र घ्या. विषयाखाली एक ओळ असतेच : 'संदर्भ : आपले पत्र जा. क्र. २४७'. आपण ती वाचत नाही, पण टपाल घेणारा कारकून आधी तीच बघतो. आपल्या जावक नोंदवहीत २४७ क्रमांकाचं पत्र खरंच गेलं होतं का? याच पत्त्यावर? असेल तर हे त्याचं उत्तर, संबंधित टेबलाकडे पाठवा. नसेल तर बाजूला काढा.

संगणकाच्या जाळ्यात येणाऱ्या माहितीलाही हाच प्रश्न विचारायचा, या एका कल्पनेवर इस्रायलमध्ये १९९३ साली एक कंपनी उभी राहिली. तिचं नाव चेक पॉइंट.

त्याच्या पाच वर्षं आधीची गोष्ट. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने सोडलेल्या एका प्रोग्रामने इंटरनेटवरचे हजारो संगणक आडवे केले. तेव्हाच्या अंदाजानुसार ६०,००० पैकी ६,०००. तोवर हे जाळं म्हणजे विद्यापीठांचा आपसातला घरोबा होता, दाराला कडी लावायची पद्धत नव्हती. मॉरिसच्या किड्यानंतर कड्या आल्या. त्यांना फायरवॉल म्हणू लागले. ('अग्निभिंत' हा शब्द परिभाषाकोशात शोभतो, सर्व्हर रूममध्ये मी तो अजून कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.)

इंटरनेटवर सगळी माहिती छोट्या पाकिटांत जाते. प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि दोन्हीकडचे पोर्ट क्रमांक असतात. पत्ता म्हणजे कचेरी, पोर्ट म्हणजे तिच्यातलं टेबल, असं समजा. वेब सर्व्हर ८० क्रमांकाच्या टेबलावर बसतो, हे जगाला ठाऊक असतं. पण त्याच्याकडे पान मागणारा आपला संगणक मात्र त्या वेळी रिकामं असेल ते, १०२३ च्या वरचं कुठलंही टेबल घेतो. उत्तर तिथेच यायला हवं.

पहिल्या पिढीच्या फायरवॉल फक्त पाकिटावरचा पत्ता वाचत. मागचं काही लक्षात ठेवत नसत. आपल्यापैकी कोणी कोणत्या टेबलावरून पत्र धाडलं, हे ठाऊकच नाही म्हटल्यावर नियम लिहावा लागे तो असा : बाहेरच्या ८० क्रमांकाच्या टेबलावरून आलेलं टपाल आतल्या १०२३ च्या वरच्या कुठल्याही टेबलाकडे जाऊ द्या. म्हणजे ६४,५१२ दारं उघडी. पाकिटावर 'हे उत्तर आहे' असा शिक्का आहे की नाही, एवढं तपासता येई. पण शिक्का काय, कोणीही मारतं.

दुसरा मार्ग याच्या अगदी उलटा. दारावर एक मध्यस्थ बसवायचा, तो प्रत्येक पत्र फोडणार, वाचणार, स्वतःच्या हाताने नक्कल करणार आणि ती पुढे धाडणार. याला प्रॉक्सी म्हणतात. सुरक्षेच्या दृष्टीने झकास, पण त्या काळच्या यंत्रांना हा व्याप झेपत नसे. शिवाय प्रत्येक प्रकारच्या पत्रासाठी वेगळा नकलनवीस लागे. नवी सेवा निघाली की तिचा नकलनवीस तयार होईपर्यंत थांबा.

गिल श्वेड हा तरुण इस्रायली लष्कराच्या युनिट ८२०० या गुप्तवार्ता विभागात होता. तिथे गोपनीय जाळी एकमेकांना जोडायची, पण कोणी काय बघायचं यावर लगाम ठेवायचा, असलं काम त्याच्याकडे आलं आणि नोंदवहीची कल्पना तिथे रुजली. तिला गिऱ्हाईक तेव्हा कुठे होतं? विद्यापीठं सोडली तर लष्कराबाहेर इंटरनेट वापरणार कोण! १९९३ मध्ये वारं फिरलं. मोझेक ब्राउझर आला, कंपन्या धडाधड जाळ्यात शिरू लागल्या. लष्करातला मित्र श्लोमो क्रेमर आणि नोकरीतला सहकारी मारियस नाख्त यांना घेऊन श्वेडने क्रेमरच्या आजीच्या फ्लॅटमध्ये बस्तान मांडलं. श्वेड तेव्हा पंचविशीत होता.

त्यांनी जे लिहिलं त्याचं नाव फायरवॉल-१. ते काय करायचं, हे कळायला एफटीपीचं उदाहरण सगळ्यात चांगलं. फायली पाठवण्याची ही जुनी पद्धत, आणि पत्ता बघणाऱ्या फायरवॉलची डोकेदुखी. यात आपला संगणक सर्व्हरच्या २१ क्रमांकाच्या टेबलाशी बोलणं सुरू करतो आणि बोलता बोलता सांगतो, "फाईल मला अमुक टेबलावर आणून दे." हे सांगणं सहा आकड्यांत असतं. समजा आकडे आले १९२, १६८, १, ५, ७, १३८. पहिले चार म्हणजे पत्ता. शेवटच्या दोनांतून टेबल काढायचं : ७ गुणिले २५६, अधिक १३८, बरोबर १९३०. मग सर्व्हर आपल्या २० क्रमांकाच्या टेबलावरून उठतो आणि १९३० चं दार स्वतःहून ठोठावतो.

बाहेरचा माणूस आपण होऊन दार ठोठावतोय, म्हणजे पहिल्या पिढीच्या हिशेबात तो आगंतुक. त्याला आत घ्यायचं तर १०२३ च्या वरची सगळी दारं पुन्हा सताड उघडी ठेवणं आलं. फायरवॉल-१ ने काय केलं, तर जाणाऱ्या पत्रातले ते सहा आकडे वाचले, गुणाकार केला आणि नोंदवहीत ओळ लिहिली : या सर्व्हरकडून, १९३० वर, एक जण येणार आहे. तो आला की आत घ्यायचा. शेजारच्या १९३१ ला कोणी हात लावला तर हाकलायचं.

या तंत्राला 'स्टेटफुल इन्स्पेक्शन' असं नाव कंपनीने दिलं. स्टेट म्हणजे संभाषण कुठवर आलंय त्याची स्थिती. पाकिटं धाडण्याच्या टीसीपी नावाच्या पद्धतीत प्रत्येक संभाषण तीन पाकिटांच्या रामरामाने सुरू होतं आणि निरोपाच्या पाकिटांनी संपतं. नोंद त्याबरोबर पुढे सरकते. तासभर, म्हणजे ३,६०० सेकंद, कोणी काही बोललं नाही तर ओळ खोडायची, असा फायरवॉल-१ चा मूळ हिशेब. यूडीपी नावाच्या दुसऱ्या पद्धतीत रामरामही नसतो नि निरोपही. तिथे विचारणा गेली की ४० सेकंद उत्तराची वाट बघायची, मग विसरून जायचं. वेग टिकला तो आणखी एका गोष्टीमुळे. ही सगळी तपासणी ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, पाकीट नेटवर्क कार्डावरून उतरून पत्ता वाचला जाण्याच्या ठिकाणी होत असे. नक्कल नाही, हातातून हातात देणं नाही.

पण केवळ तंत्र चांगलं म्हणून कंपनी वाढली असं मला वाटत नाही. तोवर फायरवॉल म्हणजे जाणकार बोलावून उभारून घ्यायचं बांधकाम होतं. नियम लिहायचे ते युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या दगडी अक्षरांत. चेक पॉइंटने पडद्यावर एक तक्ता दिला. कोणाकडून, कोणाकडे, कोणती सेवा, जाऊ द्यायचं की अडवायचं. माऊसने चित्रं ठेवा, झाला नियम. त्याचं रूपांतर इन्स्पेक्ट नावाच्या त्यांच्या छोट्या भाषेत होई आणि ते गाभ्यात जाऊन बसे. नियम वरून खाली वाचले जात, शेवटची ओळ 'बाकी सगळं अडवा'. फायरवॉलच्या तक्त्यांची ठेवण आजही बहुतेक हीच आहे.

१९९४ मध्ये लास वेगासच्या प्रदर्शनात या सॉफ्टवेअरची वाहवा झाली आणि त्याच वर्षी सन मायक्रोसिस्टिम्सशी करार झाला. हा सगळ्यात हुशारीचा भाग. इंटरनेटशी जोडून घेणाऱ्या बहुतेक कंपन्या सनची यंत्रं घेतच होत्या, त्यांच्याबरोबर हे सॉफ्टवेअर आपसूक जाऊ लागलं. स्वतःची विक्रेत्यांची फौज न उभारता इस्रायलमधली मूठभर माणसं अमेरिकाभर पोचली. १९९६ च्या सुरुवातीला आयडीसी या बाजार-अभ्यास संस्थेने फायरवॉलच्या जागतिक बाजारातला त्यांचा वाटा ४० टक्के सांगितला. जूनमध्ये नॅसडॅकवर नोंदणी झाली. पुढे नोकियाच्या डब्यांत सॉफ्टवेअर बसवून विकण्याचा करार झाला. उत्पन्न १९९९ मध्ये सुमारे २२ कोटी डॉलर होतं, ते वर्षभरात साडेबेचाळीस कोटींच्या घरात गेलं. डॉट-कॉमचा फुगा फुटल्यावर २००२ मध्ये घसरण झाली खरी, पण कंपनी नफ्यातच राहिली.

नोंदवहीचंही एक दुखणं होतं : तिची पानं मोजकी. संगणक-सुरक्षेचे अभ्यासक लान्स स्पिट्झनर यांनी १९९९ मध्ये दाखवून दिलं की फायरवॉल-१ रामराम न झालेल्या, नुसत्या 'उत्तर'वाल्या शिक्क्याच्या पाकिटावरूनही नवी ओळ लिहिते. म्हणजे अशी खोटी पाकिटं धाडत राहिलं की पानं भरतात आणि खऱ्या माणसाची नोंद करायला जागाच उरत नाही. जो शिक्का कोणीही मारतं म्हणून नोंदवही आणली, त्याच शिक्क्याने तिला चकवलं. कंपनीने दुरुस्ती केली. सुरक्षेच्या धंद्यात ही दुरुस्ती कधी संपत नाही, आणि दरवर्षीचं पैसे भरून नूतनीकरणही त्यामुळेच चालतं!

खरं आव्हान घरातूनच आलं. नीर झूक हा चेक पॉइंटच्या अगदी सुरुवातीच्या अभियंत्यांपैकी एक. तो १९९९ मध्ये बाहेर पडला आणि २००५ मध्ये त्याने अमेरिकेत पालो अल्टो नेटवर्क्स ही कंपनी काढली. त्याच्या गाडीच्या नंबर प्लेटवर 'चेक पॉइंट किलर'चं संक्षिप्त रूप होतं, इतका जुन्या कंपनीवरचा त्याचा राग जाहीर. त्याचा मुद्दा मात्र रागाचा नव्हता. तोवर स्काईप असो, गाण्यांची देवाणघेवाण असो की एखादा चोरटा प्रोग्राम, सगळे ८० आणि ४४३ या दोन टेबलांवरूनच ये-जा करायला शिकले होते, कारण ती टेबलं कोणी बंद करत नाही. नोंदवही चोख होती : पत्र गेलं, उत्तर आलं, क्रमांक जुळला. पत्र लिहिलं कोणी आणि कशाबद्दल, हे तिच्यात नव्हतं. झूकच्या फायरवॉलने टेबल क्रमांक सोडून बोलण्याच्या ढंगावरून प्रोग्राम ओळखायला सुरुवात केली. आज पालो अल्टोचं बाजारमूल्य चेक पॉइंटच्या कित्येक पट आहे. चेक पॉइंटनेही हे तंत्र उचललं. श्वेडने मुख्याधिकाऱ्याची खुर्ची सोडली ती थेट २०२४ च्या अखेरीस.

गंमत अशी की आता बहुतेक टपाल सांकेतिक लिपीत सीलबंद असतं. ते वाचायचं तर मोठ्या कंपन्यांतली फायरवॉल मधे बसून सील फोडते, वाचते आणि स्वतःचं सील लावून पुढे पाठवते. म्हणजे तो नकलनवीस परत आला. तीस वर्षांपूर्वी त्याला बाहेर काढलं ते तो संथ म्हणून. आता चिप वेगवान झाल्या.

नोंदवही मात्र फुकट झाली. २००१ च्या जानेवारीत आलेल्या, लिनक्स या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमच्या २.४ आवृत्तीत ती कोणालाही वापरता येईल अशी आली, आणि घरातल्या वाय-फायच्या डब्यांपैकी पुष्कळांच्या पोटात लिनक्सच असतं. तुमचा फोन त्या वाय-फायवर असेल तर आत्ता तिच्यात त्याच्या नावाच्या बऱ्याच ओळी असतील. संभाषण रीतसर संपलं की मूळ हिशेबाप्रमाणे १२० सेकंदांत ओळ खोडली जाते. निरोप न घेताच फोनची बॅटरी संपली, तर लिनक्सच्या मूळ मांडणीत ती ओळ ४,३२,००० सेकंद, म्हणजे पुरे ५ दिवस, तुमच्या उत्तराची वाट बघत पडून राहते.