वरच्या अन्नमार्गातील तीव्र रक्तस्राव : दुर्मीळ कारणे

अन्ननलिका, जठर किंवा ग्रहणी (लहान आतड्याची सुरुवात) येथून जोराचा रक्तस्राव झाला की रक्ताची उलटी होते किंवा डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शी होते. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, पण ती अशी चिकट नसते. बहुतेक रुग्णांत रक्तस्रावाचे मूळ अल्सरमध्ये किंवा यकृताच्या आजाराने फुगलेल्या शिरांत सापडते. ही नोंद उरलेल्यांविषयी.

त्यांतली सर्वांत फसवी द्यूलाफ्वा विकृती. जठराच्या अस्तराकडे येणारी रोहिणी (हृदयाकडून रक्त आणणारी वाहिनी) बारीक होत जायला हवी. इथे ती १ ते ३ मिमी जाड राहते आणि टाचणीएवढ्या छिद्रातून फुटते. भोवती व्रण जवळजवळ नसतोच. १८८४ मध्ये फ्रेंच डॉक्टर गालार यांनी ती नोंदवली, पण नाव मिळाले १८९८ मध्ये वर्णन करणाऱ्या जॉर्ज द्यूलाफ्वा यांचे. रक्त थांबले की जागा दिसेनाशी होते, म्हणून दुर्बिणीची पहिली तपासणी ‘नॉर्मल’ येऊ शकते. दुसऱ्यांदा दुर्बीण घालायची म्हटले की नातेवाईक चिडतात. खरे तर रक्त वाहत असतानाच ती जागा सापडण्याची शक्यता जास्त. सापडली की क्लिप किंवा रबरी बँड लावतात.

स्वादुपिंडाच्या जुनाट सुजेत (दारू हे तिचे एक नेहमीचे कारण) शेजारची प्लीहेची रोहिणी फुगून स्वादुपिंडाच्या नलिकेत फुटते. आधी पोटात कळ, मग काळी शी, मग काही दिवस सारे शांत. यकृताला मार लागल्यावर किंवा बायोप्सीनंतर असेच रक्त पित्तनलिकेतून येते. सोबत कावीळही दिसू शकते. दोन्हींत सीटी अँजिओग्राफीने जागा शोधून, मांडीतल्या रोहिणीतून नळी नेऊन कॉइलने (धातूच्या बारीक वेटोळ्याने) फुटलेली रोहिणी बुजवतात.

हे सारे पुण्यात होते; भोर किंवा वेल्ह्याच्या रुग्णाला मात्र आधी १०८ची वाट पाहावी लागते. १८६७ पासूनच्या ससून रुग्णालयात असा रुग्ण आला, तरी आधी सलाइन, रक्त आणि श्वासमार्गाची काळजी. दुर्बीण त्यानंतर, शक्यतो २४ तासांच्या आत. रक्तदाब स्थिर असेल तर हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावरच साधारणपणे रक्त चढवतात. हृदयरोग्यांत ही मर्यादा वर ठेवतात.

महारोहिणीवर (हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या रोहिणीवर) पूर्वी कृत्रिम नळी बसवलेली असेल, तर थोडेसे रक्तही धोक्याचे. ती नळी आतड्याला घासून भोक पडते. पहिला स्राव थांबतो आणि काही तासांनी किंवा दिवसांनी पूर येतो. म्हणून पोटावरचा जुना टाका दिसला की ऑपरेशन कशाचे, हे आधी विचारतात आणि तातडीने सीटी करून शस्त्रक्रियेची तयारी ठेवतात.