आयव्हीएफनंतर उरलेल्या भ्रूणांचं काय? पात्रता, कागदपत्रं आणि संमतीपत्र: सोलापूरच्या जोडप्यांसाठी माहिती

आयव्हीएफ, म्हणजे स्त्रीबीज आणि शुक्राणू यांचा शरीराबाहेर संयोग करून भ्रूण तयार करण्याचा उपचार, करायचं ठरलं की फाइल तयार होते आणि जोडप्यापुढे सह्यांसाठी कागदांचा गठ्ठा येतो. डॉक्टरांची वेळ होत आलेली असते, नर्स जिथं बोट ठेवेल तिथं नवरा-बायको सही करत जातात. त्याच गठ्ठ्यात भ्रूण गोठवण्याचं संमतीपत्र असतं. तुमच्यापैकी एकाला काही झालं तर गोठवलेल्या भ्रूणांचं काय करायचं, उरलेली नष्ट होऊ द्यायची की संशोधनाला द्यायची, हे त्या कागदावर ठरतं. उपचार सोलापुरात घ्या, नाहीतर पुण्याला किंवा हैदराबादला जा, कायदा सगळीकडे एकच आहे. तो कागद घरी आणून, दोघांनी बसून वाचल्याशिवाय सही करू नका, हे कळकळीचं सांगणं आहे.

हा कायदा म्हणजे सहाय्यक जननतंत्रज्ञान (विनियमन) अधिनियम, २०२१. तो २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी (आयव्हीएफनं झालेलं बाळ) जन्मली ती ६ ऑगस्ट १९८६ रोजी. म्हणजे तंत्र आल्यावर कायदा यायला पस्तीस वर्षं गेली. मधल्या काळात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) मार्गदर्शक तत्त्वं होती, पण ती मोडणाऱ्याला शिक्षेची भीती नव्हती.

पात्रता कोणाची? विवाहित जोडप्यात स्त्रीचं वय २१ च्या पुढे आणि ५० च्या आत, पुरुषाचं २१ च्या पुढे आणि ५५ च्या आत हवं. वर्षभर प्रयत्न करूनही गर्भ राहिलेला नसावा, किंवा मूल होण्यात अडथळा आणणारा आजार तपासणीत सिद्ध झालेला असावा. एकट्या स्त्रीलाही या कायद्यानं उपचार घेता येतात. एकटा पुरुष किंवा लग्न न करता एकत्र राहणारं जोडपं मात्र यात बसत नाही.

कागदपत्रांमध्ये दोघांची आधार कार्डं, वयाचा पुरावा (जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला), विवाह नोंदणीचा दाखला, फोटो आणि आजवरचे सगळे वैद्यकीय रिपोर्ट लागतात. एचआयव्ही आणि काविळीच्या विषाणूंच्या तपासण्या दोघांच्याही होतात. घोडं अडतं ते विवाह नोंदणीपाशी. लग्न थाटात झालेलं असतं, पण नोंदणी राहून गेलेली असते. महापालिका हद्दीत राहत असाल तर झोन कार्यालयात, गावाकडे असाल तर ग्रामपंचायतीत चौकशी करा. लग्नपत्रिका, लग्नातला फोटो आणि साक्षीदारांची ओळखपत्रं सोबत ठेवा. दुसरा घोळ नावांचा. आधारवर माहेरचं नाव, लग्नाच्या दाखल्यावर सासरचं, आणि पूर्व भागातल्या तेलुगू भाषक घरांत तर आडनावाचं स्पेलिंग दर कागदावर निराळं. उपचाराची माहिती राष्ट्रीय नोंदवहीत जाते, शिवाय पुढे बाळाच्या जन्मदाखल्याचा प्रश्न येतो. त्यामुळे राजपत्रातला नावबदल किंवा नोटरीकडचं प्रतिज्ञापत्र आधीच करून घ्या. इंजेक्शनं सुरू झाल्यावर अशा फेऱ्या मारणं बाईला फार जड जातं.

केंद्रात गेल्यावर नोंदणीचं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं आहे का ते पाहा. ते पाच वर्षांसाठी असतं, तारीख वाचा. पहिल्या स्तराच्या केंद्राला फक्त आययूआय, म्हणजे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडण्याचा उपचार, करता येतं. आयव्हीएफसाठी दुसऱ्या स्तराची नोंदणी लागते.

आता मूळ मुद्दा. आयव्हीएफमध्ये एका वेळी अनेक स्त्रीबीजं काढली जातात, त्यामुळे भ्रूणंही एकापेक्षा जास्त तयार होऊ शकतात. एक-दोन गर्भाशयात सोडली जातात, उरलेली बारीक नळीत भरून उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. पाचव्या दिवसाचं भ्रूण म्हणजे साधारण शंभरेक पेशींचा, मिलिमीटरहूनही लहान ठिपका. कायद्यानुसार ही भ्रूणं जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येतात. नंतर ती नष्ट होऊ द्यायची किंवा तुमच्या संमतीनं, या कायद्याखाली नोंदणी झालेल्या संशोधन संस्थेला द्यायची. तुम्ही लेखी संमती दिली नसेल तर केंद्राला ती परस्पर कोणालाही देता येत नाहीत. विकणं तर सरळ गुन्हा आहे. स्वतःची भ्रूणं स्वतःच्याच उपचारासाठी दुसरीकडे हलवायची असली तरी या कायद्याखालच्या राष्ट्रीय मंडळाची परवानगी लागते. अर्ध्यावर केंद्र बदलायचा विचार असेल तर हे आधी विचारून घ्या.

आणि हे कोणी सांगत नाही म्हणून ठळकपणे सांगते: भ्रूण गर्भाशयात सोडेपर्यंत दोघांपैकी कोणालाही एकट्यानं आपली संमती मागे घेता येते. सासरच्यांचा आग्रह, भरलेले पैसे, कशानंही हा हक्क जात नाही.

संशोधनाला भ्रूण द्यावं का, हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न. अशा संशोधनातूनच गर्भपात वारंवार का होतात, भ्रूण रुजत का नाही, हे हळूहळू कळत आलं आहे. त्याला मर्यादाही आहे. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रयोगशाळेत मानवी भ्रूण चौदा दिवसांपुढे वाढवता येत नाही. ही रेघ १९८४ मध्ये ब्रिटनच्या वॉर्नक समितीनं सुचवली होती. चौदाव्या दिवसाच्या सुमारास भ्रूणात शरीराचा अक्ष दिसू लागतो. त्याआधी एकाच भ्रूणाची जुळीही होऊ शकतात, म्हणजे अजून तो एक ठरलेला जीव नसतो, असा त्यामागचा विचार. २०१८ मध्ये चीनमधल्या हे जियानकुई यांनी भ्रूणाच्या जनुकांत बदल करून मुली जन्माला घातल्याचं जाहीर केलं तेव्हा जगभर संताप उसळला, त्यांना तुरुंगवास झाला. अशा बदललेल्या भ्रूणापासून मूल जन्माला घालणं आपल्याकडेही निषिद्ध आहे. मला स्वतःला संशोधनाला देणं योग्य वाटतं. पण ज्या जोडप्याला भ्रूण म्हणजे आपलं बाळच वाटतं, त्यांच्यावर कोणी दबाव आणू नये. ‘नाही’ म्हटल्यानं उपचारात फरक पडता कामा नये.

भ्रूणाची जनुकीय तपासणी केवळ आनुवंशिक आजारासाठी करता येते. मुलगा की मुलगी, हे विचारूसुद्धा नका. लिंगनिवडीची जाहिरात केली किंवा सोय पुरवली तर पाच ते दहा वर्षांची कैद आहे.

दुसऱ्या स्त्रीचं बीज लागणार असेल तर ते नोंदणीकृत बँकेतूनच यायला हवं. देणारीचं वय २३ ते ३५, आयुष्यात एकदाच, आणि तिच्याकडून सातपेक्षा जास्त बीजं काढता येत नाहीत. तिचा बारा महिन्यांचा विमाही काढावा लागतो. विड्या वळून किंवा यंत्रमागावर राबून घर चालवणाऱ्या एखाद्या बाईला कोणी ‘परत परत देता येतं, पैसे मिळतील’ म्हणत असेल, तर तिला तिथंच थांबवा.

सरोगसीचा, म्हणजे दुसऱ्या स्त्रीच्या गर्भाशयात मूल वाढवण्याचा, कायदा वेगळा आणि कडक आहे. जोडप्यात स्त्री २३ ते ५०, पुरुष २६ ते ५५. विधवा किंवा घटस्फोटित स्त्री ३५ ते ४५. वैद्यकीय गरज असल्याचं प्रमाणपत्र जिल्हा वैद्यकीय मंडळाकडून मिळतं, त्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालयात जा. मग प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून पालकत्वाचा आदेश आणि सरोगेट मातेचा ३६ महिन्यांचा विमा. फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीनंतर वैद्यकीय कारण असेल तर जोडप्यातल्या एकाचं बीज दात्याचं चालतं.

तक्रार असेल तर आधी केंद्राच्या तक्रार निवारण कक्षाकडे लेखी द्या आणि पोच घ्या. उत्तर मिळालं नाही तर राज्याच्या समुचित प्राधिकरणाकडे (कायद्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे) अर्ज करा. सोबत संमतीपत्रांच्या झेरॉक्स, पावत्या आणि उपचार संपल्यावर केंद्रानं द्यायचं डिस्चार्ज प्रमाणपत्र जोडा. संमतीपत्र इंग्रजीतच असेल तर सही करण्याआधी मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, जी भाषा तुम्हाला वाचता येते तिच्यात मागा, आणि सही केलेल्या प्रत्येक पानाची प्रत त्याच दिवशी घेऊन या.