सातव्याचं जगतं, आठव्याचं नाही?

'सातव्या महिन्यातलं बाळ वाचतं, आठव्यातलं नाही' हे नागपुरात महालपासून मानेवाड्यापर्यंत अजून ऐकू येतं. आहे नेमकं उलटं. 30व्या आठवड्यात, म्हणजे सातव्याच्या शेवटी, फुप्फुसातल्या बारीक पिशव्या उघड्या ठेवणारा साबणासारखा थर, सर्फॅक्टंट, अपुरा असतो. श्वास सोडला की पिशव्या मिटतात. बाळ कण्हतं, बरगड्या आत ओढल्या जातात. 34व्यापर्यंत, म्हणजे आठव्यात, हा थर बराच तयार होतो.

म्हणून त्याआधी कळा आल्या तर आईला बाळाची फुप्फुसं लवकर तयार करणारं औषध, डेक्सामेथासोन, देतात: 6 मिलिग्रॅम, दर 12 तासांनी, चार इंजेक्शनं. पूर्ण गुण यायला साधारण 24 तास लागतात. 'आठवाच आहे, काय उपयोग' म्हणत घरी बसलं की तेच तास वाया जातात (आणि मग दोष महिन्याला!). 108 लावा, शासकीय मेडिकल कॉलेज किंवा डागा रुग्णालय गाठा. वाटेतच बाळंत झाली तर बाळ पुसून कोरडं करा, आईच्या उघड्या छातीवर ठेवा, टोपी घाला. आंघोळ नको.