छायाचित्राखालची रिकामी ओळ

वॉशिंग्टन येथील ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ या ग्रंथालयाकडे ‘बेन न्यूज सर्व्हिस’ या जुन्या वृत्तछायाचित्र संस्थेचा मोठा संग्रह आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांतील या काचेच्या निगेटिव्हवर छायाचित्राची ओळख म्हणून घाईत खरडलेले दोन-चार शब्द असतात: कधी नुसते आडनाव, कधी अशुद्ध लिहिलेले गावाचे नाव. त्या काळी तेवढे पुरत असे, कारण दुसऱ्या दिवशी वृत्तपत्र उघडणाऱ्याला तो माणूस कोण हे ठाऊकच असे. शंभर वर्षांनंतर मात्र ग्रंथपालापुढे एक चेहरा आणि एक आडनाव एवढेच उरते, आणि ज्या छायाचित्राला नाव, गाव, तारीख नाही ते तालिकेत, म्हणजे ग्रंथालयाच्या सूचीत, असूनही कोणाच्या हाती लागत नाही.

१६ जानेवारी २००८ रोजी या ग्रंथालयाने एक साधी पण धाडसाची गोष्ट केली. बेन संग्रहातील आणि १९४०च्या आसपासच्या रंगीत छायाचित्रांपैकी मिळून सुमारे तीन हजार छायाचित्रे ‘फ्लिकर’ या छायाचित्रांच्या सामाजिक संकेतस्थळावर ठेवली आणि लोकांना माहिती लिहिण्याची, खूणशब्द म्हणजे टॅग जोडण्याची मुभा दिली. पुढे छायाचित्रांची संख्या साडेचार हजारांच्या वर गेली. ऑक्टोबर २००८पर्यंत ती एक कोटीहून अधिक वेळा पाहिली गेली होती, अडीच हजारांहून अधिक खात्यांवरून सात हजारांवर अभिप्राय आले होते आणि ६७ हजारांहून अधिक टॅग जोडले गेले होते. अनुचित म्हणून काढून टाकावा लागलेला मजकूर पंचवीस ठिकाणांपेक्षाही कमी भरला. लोकांच्या हाती लिहिण्याची सोय दिली की घाणच जास्त येईल, अशी भीती बाळगणाऱ्या प्रत्येक संस्थेने हा आकडा लक्षात ठेवावा, असे मला वाटते.

टॅग आणि ग्रंथपालाचे विषयशीर्षक यांत एक मूलभूत फरक आहे. विषयशीर्षक शिस्तीचे असते. एका संकल्पनेला एकच नाव ठरवायचे, म्हणजे एकाच विषयाच्या नोंदी ‘मोटार’, ‘गाडी’ आणि ‘वाहन’ अशा तीन ठिकाणी विखुरत नाहीत. वाचक मात्र आपल्या तोंडात जो शब्द आहे त्यानेच शोधतो, आणि टॅग नेमका तोच शब्द पुरवतो. शिवाय छायाचित्राच्या कोपऱ्यातील छत्री, भिंतीवरची जाहिरात, आकाशाचा रंग असे जे तपशील तालिकाकार वेळेअभावी कधीच नोंदवू शकत नाही, तेही त्यात येतात. म्हणून एकाने दुसऱ्याची जागा घेण्याचा प्रश्नच नसतो. शीर्षकाची शिस्त आणि टॅगची ऐसपैस बोली ही दोन्ही शेजारी नांदू शकतात.

टॅगांपेक्षाही मोलाचे ठरले ते अभिप्राय. खरे शोधकार्य मोजक्याच लोकांनी नेटाने केले. अशी वीसेक मंडळी पुन्हा पुन्हा येत राहिली, जुन्या वृत्तपत्रांच्या संग्रहात शिरून बातमी शोधत राहिली आणि अर्धवट नावे पुरी करत, ठिकाणे दुरुस्त करत, तारखा नेमक्या करत राहिली. ग्रंथालयातील कर्मचारी हे अभिप्राय वाचत, पुरावा पडताळत आणि मगच मूळ तालिकेत बदल करत. पहिल्या काही महिन्यांतच पाचशेहून अधिक नोंदी अशा सुधारल्या गेल्या आणि त्या नोंदींत ही माहिती ‘फ्लिकर कॉमन्स’ या नावाने चाललेल्या याच प्रकल्पातून मिळाल्याचे वर्षासह नमूद केले जाते. मला या साऱ्या प्रयोगाचा गाभा इथे दिसतो. लोकांना बोलते करणे हे अर्धे काम झाले. त्यांनी सांगितलेले तालिकेत पोहोचवणे हे उरलेले अर्धे, आणि ते माणसांनीच बसून करावे लागते.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्याच वर्षी जुन्या वृत्तपत्रांबाबत हाच मार्ग धरला. छापील पानाच्या प्रतिमेवरून संगणक मजकूर ओळखतो, पण पुसट शाईपुढे तो वारंवार चुकतो. म्हणून वाचकालाच चुकलेली ओळ दुरुस्त करण्याची सोय दिली गेली, तीही खाते न उघडता. अशा १० कोटींहून अधिक ओळी लोकांनी सुधारल्या आहेत. मराठीत हे काम विकिस्रोत या विकिपीडियाच्या धर्तीवरील मुक्त ग्रंथसंग्रहाच्या संकेतस्थळावर चालते. संगणक ‘घर’चे ‘धर’ करतो, ‘भात’चे ‘मात’ करतो, आणि कोणीतरी स्वयंसेवक मूळ पान शेजारी ठेवून ते अक्षर जागेवर आणतो. एकाने तपासलेले पान पिवळे होते. दुसऱ्याने पुन्हा तपासले की हिरवे.

आपल्या गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांकडे अशा कामासाठी लागणारी सर्वांत दुर्मीळ गोष्ट आधीच आहे: वर्षानुवर्षे येणारे, गाव पाहिलेले सभासद. पुस्तक बदलायला आलेले एखादे आजोबा भिंतीवरच्या वार्षिकोत्सवाच्या छायाचित्राकडे बोट दाखवून डावीकडून तिसरे कोण, मागे दिसणारा वाडा कोणाचा, तो कधी पडला, हे सहज सांगून जातात. ग्रंथपाल ऐकतो, पण ती माहिती काउंटरपाशीच विरते. व्हॉट्सॲपच्या गटावर छायाचित्र टाकले तर उत्तरे भराभर येतात, हे खरे. परंतु दोन दिवसांत ती नव्या संदेशांखाली गाडली जातात, बाहेरच्या अभ्यासकाला सापडत नाहीत, आणि गटात सर्वांचे दूरध्वनी क्रमांक सर्वांना दिसतात ही अडचण वेगळीच. गट विचारणा करण्यासाठी चांगला आहे, साठवणीसाठी नाही.

म्हणून सुरुवात लहान असावी. आठवड्याला एकच छायाचित्र आणि एकच नेमका प्रश्न घ्यावा. ‘या छायाचित्राबद्दल काही माहिती आहे का’ असे विचारले की कौतुकाचे अंगठे येतात. ‘मागच्या दुकानाच्या पाटीवर काय लिहिले आहे’ असे विचारले की उत्तर येते. मिळालेले उत्तर त्याच दिवशी नोंदवहीत उतरवावे आणि त्यासाठी तीन रकाने आखून घ्यावेत: माहिती काय मिळाली, कोणी व केव्हा दिली, आणि ती कशावरून पडताळली. तिसरा रकाना पुष्कळदा बराच काळ रिकामा राहील. तोवर नोंदीपुढे ‘ऐकीव’ एवढा शब्द लिहून ठेवावा.