एपीआय की नुसती पुसून का भागत नाही

एपीआय की म्हणजे एखादी ऑनलाइन सेवा प्रोग्रॅममधून वापरण्यासाठी मिळणारी गुप्त स्ट्रिंग. ती बदलायची म्हणजे कॉन्फिग (सेटिंग्जची) फाइल उघडायची, जुनी स्ट्रिंग खोडून नवी चिकटवायची आणि कमिट करायचं, म्हणजे बदल कोडच्या इतिहासात नोंदवायचा, हे आजही कित्येक टीममध्ये सर्रास चालतं. ही सवय लागली तेव्हा ती फारशी धोक्याची नव्हती. वर्डप्रेससारख्या पीएचपी साइटचा डेटाबेस पासवर्ड सर्व्हरवरच्याच एका फाइलमध्ये असायचा आणि डेटाबेस बहुधा त्याच मशीनवर. पासवर्ड कुणाच्या हाती लागला तरी बाहेरून थेट आत शिरायला वाट नसे.

तीन-चार वर्षांत हे चित्र पालटलं. २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी कोडमधल्या प्रत्येक बदलाचा इतिहास जपणारं गिट लिहिलं, २००६ मध्ये ॲमेझॉनने एस३ आणि ईसी२ या क्लाउड सेवा आणल्या, २००८ मध्ये गिटवरचा कोड ऑनलाइन ठेवण्याची साइट गिटहब सुरू झाली. आता क्लाउड सेवेची ॲक्सेस की जगात कुठूनही चालू लागली आणि ती ज्या फाइलमध्ये होती तो कोडही जगासमोर येऊ लागला. त्यात गिट काहीच विसरत नाही. आज कमिट केलेली की उद्याच्या कमिटमध्ये काढली, तरी कालचं कमिट प्रत्येक क्लोनमध्ये, म्हणजे कोडच्या प्रत्येक पूर्ण प्रतीत, जसंच्या तसं असतं; लॉग उघडायचा अवकाश. जानेवारी २०१३ मध्ये गिटहबने कोड सर्च नव्याने आणला, तेव्हा लोकांच्या सर्व्हरवर लॉगिन करायच्या खासगी एसएसएच कीज साध्या शोधात धडाधड सापडू लागल्या.

यावरचा पहिला मोठा उपाय त्याआधीच मांडला गेला होता. हेरोकू या क्लाउड कंपनीच्या मंडळींनी २०११ च्या सुमारास ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप’ हे टिपण लिहिलं. त्यातली कसोटी मला आजही अचूक वाटते: तुमचा कोड या क्षणी ओपन सोर्स केला, तर एखादं क्रेडेन्शियल (पासवर्ड, की वगैरे) उघडं पडेल का? त्यांचं म्हणणं, कॉन्फिग कोडमध्ये न ठेवता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम चालवताना बाहेरून दिल्या जाणाऱ्या किमतींत ठेवा. मग या किमती साठवणारी डॉट-ईएनव्ही फाइल रूढ झाली. ती गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत टाकायची आणि रिपोत (कोडच्या साठ्यात) फक्त रिकाम्या किमतींची नमुना फाइल ठेवायची. पण हा अर्धाच उपाय होता. व्हेरिएबल्स एरर रिपोर्टमध्ये, बिल्डच्या लॉगमध्ये छापली जातात. शिवाय की कोडबाहेर ठेवली तरी वर्षानुवर्षं तीच राहते.

याची किंमत उबरने दोनदा मोजली. २०१४ मध्ये त्यांच्या एका इंजिनिअरने गिटहबवर उघड्यावर टाकलेली ॲमेझॉनची की वापरून कुणीतरी पन्नास हजारांहून अधिक ड्रायव्हरांची माहिती मिळवली. २०१६ मध्ये रिपो प्रायव्हेट होता. हल्लेखोर इंजिनिअरांच्या गिटहब खात्यांतून आत शिरले आणि कोडमध्ये पुन्हा की सापडली. या वेळी ५ कोटी ७० लाख प्रवासी आणि ड्रायव्हरांचा डेटा गेला. हे वर्षभर दडवल्याबद्दल २०१८ मध्ये अमेरिकेतल्या राज्यांना १४ कोटी ८० लाख डॉलर द्यावे लागले. ‘रिपो प्रायव्हेट आहे ना’ हा युक्तिवाद तेव्हाच निकालात निघायला हवा होता.

टोयोटाचं प्रकरण मला त्याहून बोलकं वाटतं. गाड्यांसाठीच्या टी-कनेक्ट या ऑनलाइन सेवेच्या कोडचा काही भाग डिसेंबर २०१७ पासून सप्टेंबर २०२२ पर्यंत गिटहबवर उघडा होता आणि त्यात डेटा सर्व्हरची ॲक्सेस की होती. २,९६,०१९ ग्राहकांचे ईमेल पत्ते धोक्यात आले. की अधूनमधून बदलली असती, तर त्या कोडमध्ये एक मेलेली स्ट्रिंग तेवढी उरली असती.

म्हणून पुढचे उपाय की लपवण्यापेक्षा ती बदलण्यावर आणि तिचं आयुष्य कमी करण्यावर भर देतात. ॲमेझॉन एका युजरला एका वेळी दोन ॲक्सेस कीज देतं, ते यासाठीच. नवी की काढायची, सगळीकडे डिप्लॉय करायची (चालू सर्व्हरवर बसवायची), जुनी शेवटची कधी वापरली गेली ते पाहायचं, आधी ती निष्क्रिय करायची आणि काही अडलं नाही तरच कायमची काढायची. २०१५ मध्ये आलेलं हॅशिकॉर्पचं व्हॉल्ट हे गुपितं सांभाळणारं सॉफ्टवेअर ठरावीक मुदतीची क्रेडेन्शियल्स मागणीनुसार तयार करून देतं. २०२१ मध्ये गिटहबने आपल्या टोकनना (कीसारख्याच गुप्त स्ट्रिंगना) ओळखीचा उपसर्ग आणि चेकसम, म्हणजे स्ट्रिंग खरी आहे का ते पडताळणारी अक्षरं, दिली, त्यामुळे ती कोडमध्ये नेमकी हेरता येऊ लागली. २०२४ पासून पब्लिक रिपोत ओळखीचं टोकन पुश होतानाच, म्हणजे गिटहबवर चढवतानाच, अडवलं जातं.

मार्च २०२३ मध्ये खुद्द गिटहबची आरएसए एसएसएच होस्ट की, म्हणजे त्यांच्या सर्व्हरची ओळख पटवणारी गुप्त की, थोडा वेळ पब्लिक रिपोत दिसली. गैरवापराचा मागमूस नसतानाही त्यांनी ती बदलली. जगभरच्या डेव्हलपरांच्या टर्मिनलवर सर्व्हरची ओळख बदलल्याचे इशारे झळकणार हे उघड होतं, तरीही.

एसएमएस, नकाशे, पेमेंट अशा सेवांमध्ये मात्र की बदलण्याची सोय सगळीकडे सारखी नसते. जिथे एकच की मिळते आणि नवी काढताच जुनी बंद पडते, तिथे गर्दी नसलेली वेळ गाठून सर्व्हरवरची किंमत बदलून सेवा लगेच रीस्टार्ट करावी लागते. अशी प्रत्येक की कुठे-कुठे वापरली आहे याची यादी आधीच हाताशी असेल, तर हे काम पाच मिनिटांत उरकतं.