धर्मश्रद्धा आणि मनोविकार

धर्मश्रद्धा आणि मनोविकार : देव, परलोक, अवतार, ईश्वरी आज्ञा यांवरचा विश्वास हा वेडाचाच एक प्रकार आहे काय, हा मनोविकारशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांच्या सीमेवरचा जुना वाद. पुरावा नसताना ठाम राहणे, विरुद्ध पुरावा समोर आला तरी न ढळणे, साध्या घटनेत आपल्यासाठी धाडलेला संकेत दिसणे ही भ्रमाची लक्षणे मानली जातात आणि श्रद्धाळू माणसातही ती आढळतात. वाद उभा राहतो तो या साम्यामुळे. आजचे मनोविकारशास्त्र श्रद्धेला आजार मानत नाही. पण का मानत नाही, याचे त्याने दिलेले अधिकृत उत्तर बरेच लंगडे आहे.

प्राचीन काळी प्रश्न नेमका उलट विचारला जाई : वेड हे दैवी असते काय? हिपॉक्रेटिसच्या नावावर असलेल्या, इ. स. पू. ४०० च्या सुमाराच्या एका ग्रंथात अपस्माराला (फेफऱ्याला) ‘पवित्र रोग’ म्हणणाऱ्या मांत्रिकांचा चांगलाच समाचार घेतला आहे. हा रोग इतर रोगांपेक्षा अधिक दैवी नाही, तो मेंदूतून उद्भवतो आणि कारण कळेना म्हणून लोक देवाचे नाव पुढे करतात, असे त्यात म्हटले आहे. प्लेटोने मात्र सॉक्रेटिसच्या तोंडून चार दैवी उन्मादांची स्तुती करवली : भविष्यकथनाचा, दीक्षाविधीचा, काव्याचा आणि प्रेमाचा. चरकसंहितेच्या निदानस्थानात उन्मादाचे पाच प्रकार सांगितले असून त्यांतला पाचवा ‘आगंतू’, म्हणजे देव, गंधर्व, पिशाच इत्यादींशी जोडलेला आहे. गंमत अशी की ज्याने स्वतःच स्वतःला पिडलेले नाही त्याला देव, गंधर्व, पिशाच, राक्षस यांपैकी कोणीही पिडत नाही, असे त्याच अध्यायात बजावले आहे. खापर प्रज्ञापराधावर, म्हणजे माणसाच्या स्वतःच्या बुद्धीच्या चुकीवर फोडलेले आहे.

वेडाचे सोंग घेणे हीच साधना मानणारेही होते. पाशुपत या शैव पंथाच्या सूत्रांनुसार साधकाने व्रताच्या एका टप्प्यावर आपल्या पंथाच्या खुणा लपवून वेड्यासारखे एकट्याने लोकांत वावरायचे आणि मुद्दाम हेटाळणी ओढवून घ्यायची. हेटाळणी करणाऱ्याचे पुण्य साधकाला मिळते आणि साधकाचे पाप त्याच्याकडे जाते, असा त्यामागचा हिशेब. रशियन ख्रिस्ती परंपरेतले ‘यूरोदिवी’, म्हणजे ख्रिस्तासाठी वेडे झालेले साधू, याच जातीचे. मॉस्कोच्या लाल चौकातले प्रसिद्ध कॅथीड्रल त्यांच्यापैकीच एका वासिलीच्या नावाने ओळखले जाते. तेराव्या शतकातल्या रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंचे चमत्कारिक वागणे महानुभाव अनुयायांनी परमेश्वराची लीळा म्हणून बारकाईने लिहून ठेवले.

श्रद्धा आणि वेड यांचे कारण-परिणामाचे नाते जोडले गेले ते एकोणिसाव्या शतकातल्या वेड्यांच्या इस्पितळांत. अमेरिकेतल्या अशा इस्पितळांच्या नोंदवह्यांत आजाराचे संभाव्य कारण लिहिण्याची पद्धत होती आणि तिथे ‘धार्मिक उत्तेजना’ हे कारण सर्रास लिहिले जाई. अमेरिकन धर्मोपदेशक विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा ख्रिस्ताच्या पुनरागमनाचा दिवस मानला. तो दिवस कोरडा गेला, आणि त्या काळातल्या कित्येक रुग्णांच्या नावापुढे ‘मिलरवाद’ हेच कारण लागले. यात कारण आणि विषय यांची गल्लत होती. ज्याचे मन आधीच ढासळते आहे तो अवतीभवती जे बोलले जाते त्यातूनच आपल्या भ्रमाचा विषय उचलतो. त्या वर्षी सगळीकडे जगबुडीचीच चर्चा होती. गंमत म्हणजे वेड्यांना साखळदंडांऐवजी माणुसकीने वागवणारे इंग्लंडमधले यॉर्क रिट्रीट (१७९६) क्वेकर पंथाच्या श्रद्धाळू मंडळींनीच उभारले होते.

श्रद्धेवरचा सर्वांत गाजलेला आरोप सिग्मंड फ्रॉइडचा. १९०७ मधल्या निबंधात त्याने पूजाविधी आणि मंत्रचळ यांची तुलना केली : दोन्हींत तीच कृती ठरल्या क्रमाने पुनःपुन्हा करणे आणि चुकली तर जिवाची घालमेल होणे. धर्म हा साऱ्या मानवजातीचा मंत्रचळ, असा त्याचा निष्कर्ष. पण फ्रॉइडचा दाखला देणारे एक गोष्ट विसरतात. १९२७ मध्ये त्याने धर्माला ‘आभास’ म्हटले आणि आभास हा भ्रमाहून वेगळा ठेवला. आभास इच्छेतून जन्मतो. तो खोटाच असेल असे नाही. शिवाय हा सामूहिक मंत्रचळ स्वीकारणारा माणूस स्वतःच्या खासगी मनोविकारापासून वाचतो, असेही त्याने नोंदवले.

त्याआधीच अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने एडिंबरोतल्या व्याख्यानांत (१९०१–०२) उलट बाजू मांडली होती. सेंट पॉलला दमास्कसच्या वाटेवर दिसलेला प्रकाश म्हणजे अपस्माराचा झटका, सेंट तेरेसा हिस्टेरियाची रुग्ण, अशी विधाने करून विषय संपवणाऱ्यांच्या वृत्तीला त्याने ‘वैद्यकीय जडवाद’ असे नाव दिले. नास्तिकाचे विचारही मेंदूतूनच येतात, मग एकाच विचाराचा उगम दाखवून तो रद्द कसा होतो, असा त्याचा सवाल होता. विचाराची किंमत त्याच्या फळांवरून करावी, असे त्याचे म्हणणे. हे दुसरे म्हणणे तितकेसे पटत नाही, कारण खोट्या समजुतीलाही गोड फळे येऊ शकतात. पहिला मुद्दा मात्र आजवर कोणी खोडलेला नाही.

भ्रमाची व्याख्या आणि तिची पळवाट : जर्मन मनोविकारतज्ज्ञ कार्ल यास्पर्सने १९१३ मध्ये भ्रमाची तीन लक्षणे सांगितली : असामान्य खात्री, अनुभवाने वा युक्तिवादाने न हलणे आणि आशयाची अशक्यता. ही केवळ बाह्य लक्षणे आहेत, असे त्याने स्वतःच म्हटले होते. त्यांचा काटेकोर वापर केला तर बहुतेक धर्मांचे अनुयायी रुग्ण ठरतील. म्हणून अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेत व्याख्येला पुस्ती जोडली : जी समजूत त्या माणसाच्या संस्कृतीत सर्वसाधारणपणे मान्य आहे, उदाहरणार्थ धर्मश्रद्धा, ती भ्रम नव्हे. पुस्तिकेच्या चौथ्या आवृत्तीत (१९९४) ‘धार्मिक वा आध्यात्मिक समस्या’ हा आजार नसलेल्या अडचणींचा एक वर्गही आला.

टीकाकारांनी या पुस्तीवर नेमके बोट ठेवले. बहुमताने आरोग्य ठरत असेल, तर नव्या पंथाचा संस्थापक पहिल्या दिवशी रुग्ण आणि शंभर अनुयायी जमले की धर्मपुरुष? आपण देवाशी बोललो तर ती प्रार्थना, देव आपल्याशी बोलला तर तो स्किझोफ्रेनिया, अशा अर्थाचा टोमणा मनोविकारतज्ज्ञ टॉमस साझने १९७३ मध्येच मारला होता. सवलतीमागे खरे कारण आहे, पण ते डोकी मोजण्यात नाही. ती समजूत मनात कोणत्या वाटेने आली यात आहे. पृथ्वी गोल आहे हे मूल ज्या रीतीने शिकते त्याच रीतीने देव आहे हेही शिकते : मोठ्यांवर विश्वास ठेवून. शिकलेली गोष्ट खोटी निघाली तरी शिकण्याची यंत्रणा बिघडलेली नसते. भ्रम कोणी शिकवत नाही. तो एके दिवशी उगवतो आणि घरच्यांनाही चक्रावून टाकतो. यंत्रणेतला बिघाड आणि त्यातून होणारी हानी या दोन्ही असल्याशिवाय विकार म्हणू नये, असे जेरोम वेकफील्डने १९९२ मध्ये मांडले. हा निकष इथे बराच उपयोगी पडतो. एखादी श्रद्धा खरी की खोटी हा वाद त्याने सुटत नाही. तो सोडवणे हे डॉक्टरचे कामही नाही.

हा फरक जवळून पाहायचा तर मिशिगनमधल्या इप्सिलांटीच्या सरकारी मनोरुग्णालयातला प्रयोग पाहावा. स्वतःला येशू ख्रिस्त समजणाऱ्या तीन रुग्णांना मानसशास्त्रज्ञ मिल्टन रोकीच याने १९५९ पासून दोन वर्षे एकत्र ठेवले. तिघांनाही एकच ख्रिस्त असू शकतो हे मान्य होते, तेव्हा कोणीतरी माघार घेईल अशी अपेक्षा होती. घडले भलतेच. एकाने ठरवले की दुसरे दोघे जिवंतच नाहीत, त्यांच्या आतली यंत्रे बोलतात. दुसऱ्याने शांतपणे सांगितले की हे दोघे मनोरुग्णालयात आहेत, यावरूनच ते वेडे हे सिद्ध होते. भांडणे, प्रसंगी मारामारीही झाली. ख्रिस्तपद कोणीच सोडले नाही. तिघांपैकी कोणालाही अनुयायी नव्हता आणि तशी गरजही वाटत नव्हती. श्रद्धा सहसा माणसाला इतरांशी जोडते. इथे ‘मी ख्रिस्त’ ही समजूत प्रत्येकाला एकटे पाडत होती. पुढे रोकीचने कबूल केले की माणसांशी देवासारखे खेळण्याचा भ्रम खरे तर आपल्यालाच झाला होता.

मोजमापही याच दिशेला बोट दाखवते. इमॅन्युएल पीटर्स आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये हरे कृष्ण आणि निसर्गपूजक ड्रुइड पंथीयांची तुलना भ्रम असलेल्या रुग्णांशी केली. भ्रमसदृश समजुतींची संख्या आणि त्यांवरची खात्री यांत दोन्ही गटांत फरक करता आला नाही. पंथीयांना त्या समजुतींचा त्रास मात्र कमी होता आणि डोक्यात सतत तेच घोळत नव्हते. म्हणजे माणूस काय मानतो, यापेक्षा ते मानणे त्याच्या आयुष्यात कसे बसले आहे, हे पाहावे लागते.

भासांचेही तसेच. वेल्समधल्या २९३ विधवा-विधुरांच्या पाहणीत (१९७१) जवळजवळ निम्म्यांनी मृत जोडीदाराची चाहूल लागल्याचे सांगितले, आणि ती आजारी माणसे नव्हती. उलट, स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांमध्ये धार्मिक आशयाचे भ्रम खरोखरच आढळतात : इंग्लंडमधल्या १९३ रुग्णांच्या २००२ च्या अभ्यासात त्यांचे प्रमाण २४ टक्के निघाले. याचा अर्थ काही आजार धर्माची भाषा बोलतात, एवढाच. काही जण हेरखात्याची भाषा बोलतात, पण म्हणून हेरखाते हा कोणी विकार मानत नाही.

मेंदूच्या कानशिलाजवळच्या भागातून (टेंपोरल लोब) उठणाऱ्या अपस्मारात काही रुग्णांना धर्मवेड लागते, भाराभर लिहिण्याची ऊर्मी येते; वॅक्समन आणि गेश्विंड यांनी १९७५ मध्ये याचे वर्णन केले. त्यावरून सर्व संतांना अपस्मारी ठरवणे हा मात्र अंदाजपंचे कारभार आहे.

सीमारेषा ओळखण्यात सहधर्मी अनेकदा तज्ज्ञांइतकेच तरबेज असतात. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला मान्रेसा इथे असताना जुन्या पापांची कबुली पुनःपुन्हा देत राही, तरी समाधान होईना. जीव द्यावा असेही त्याच्या मनात येऊन गेले. त्याच्या पापनिवेदनाच्या पाद्र्यानेच जुनी पापे पुन्हा न उगाळण्याचा हुकूम केला होता. काड्यांच्या क्रुसावर चुकून पाय पडला आणि ते पाप वाटले, हा दाखला लोयोलाने पुढे स्वतःच चुकीच्या निवाड्याचा नमुना म्हणून दिला. आज याला धार्मिक मंत्रचळ म्हणतात आणि त्यावर उपचार होतात.

समूह हा निकष सगळीकडे पुरत नाही. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात ‘हेवन्स गेट’ पंथाच्या ३९ जणांनी धूमकेतूमागून येणाऱ्या यानात जाण्यासाठी आत्महत्या केली. त्या सर्वांना रुग्ण म्हणणे सोपे आहे, पण एकांत, आज्ञापालन आणि हळूहळू तुटत गेलेली बाहेरची नाती यांनी जे घडते त्याला आजाराची गरज नसते. ‘आजारी नाही’ म्हणजे ‘निरुपद्रवी’ नव्हे. उलट टोकाला सोव्हिएत संघ : तिथे ‘मंदगती स्किझोफ्रेनिया’ अशा निदानाखाली विरोधकांबरोबर श्रद्धावंतांनाही इस्पितळात कोंडले गेले. हकालपट्टीची चिन्हे दिसू लागताच सोव्हिएत संघटना १९८३ मध्ये जागतिक मनोविकार संघटनेतून बाहेर पडली.

न्यायालयात : इथे प्रश्न जीवन-मरणाचा होतो. १८०० मध्ये जेम्स हॅडफील्डने लंडनच्या नाट्यगृहात राजा तिसऱ्या जॉर्जवर गोळी झाडली. आपण मेलो तर ख्रिस्ताचे पुनरागमन होईल, पण आत्महत्या पाप, म्हणून सरकारने आपल्याला फाशी द्यावी, असा त्याचा बेत होता. युद्धात डोक्यावर खोल जखमा झालेल्या हॅडफील्डला वेडाच्या आधारे निर्दोष ठरवण्यात आले. न्यूयॉर्कमध्ये हान्स श्मिट या पाद्र्याने एका स्त्रीचा खून करून ईश्वरी आज्ञेचा दावा केला. १९१५ च्या निकालात न्यायमूर्ती कार्डोझो यांनी म्हटले की देवाने आज्ञा केली अशा रोगट भ्रमात आईने मूल मारले, तर आपण चूक करतो हे तिला कळत होते असे म्हणणे ही थट्टा होईल. पण नरबळी हे कर्तव्य मानणाऱ्या पंथाचा भक्त केवळ त्या श्रद्धेमुळे सुटत नाही. कायद्याशी असलेला विरोध मनाच्या रोगातून आलेला असावा लागतो. श्मिटने तोवर वेडाचे सोंग घेतल्याचे कबूल केले होते. १९१६ मध्ये त्याला देहदंड देण्यात आला.